चार तळहातांवरची गाडी

एका मित्राने हौसेने जुनी दोन-सीटर स्पोर्ट्स कार घेतली आणि पहिल्याच महिन्यात ती खाली बसवून घेतली. आखूड, कडक स्प्रिंगा टाकल्या. चाक आणि पत्रा यांच्यातली चार बोटांची फट दोन बोटांवर आली, गाडी देखणी दिसायला लागली. गुळगुळीत रस्त्यावरच्या वळणात ती जराही कलेना. पण रस्ता थोडा उंचसखल झाला, की तशाच वळणात आधी ‘धप्’ असा आवाज यायचा, नाक बाहेरच्या बाजूला सरकायचं आणि स्टिअरिंग हातात हिसके द्यायचं. कंपनीतून आली तशी होती, तेव्हा ही गाडी डुलायची खरी, पण तेच वळण तिने जास्त वेगात आणि निमूटपणे घेतलेलं मी शेजारी बसून पाहिलं होतं. मित्राचं निदान असं, की स्प्रिंगा अजून कडक हव्यात.

माझं निदान नेमकं उलटं होतं. त्यामागचं गणित फार अवघड नाही. सुरुवात मात्र स्प्रिंगेपासून नाही, टायरपासून करावी लागते.

गाडीचं वजन १,४०० किलो धरू. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण सव्वादोन किलो. वजनाला दाबाने भागलं की रस्त्याला टेकलेलं रबर किती, याचा ढोबळ अंदाज मिळतो: चारही चाकांचं मिळून ६२० चौरस सेंटीमीटर. एका चाकाच्या वाट्याला येतो साडेबारा सेंटीमीटर बाजूचा चौकोन. बोटं मिटली तर तळहात जेवढा उरतो, त्याहून थोडा मोठा. ब्रेक, वेग, वळण, सगळं या चार तळहातांवर. सस्पेन्शनचं काम एकच: हे चारही तळहात रस्त्यावर टेकलेले ठेवायचे आणि त्यांच्यावरचा भार शक्य तितका सारखा ठेवायचा.

‘सारखा’ का? शाळेत आपण शिकतो की भार दुप्पट तर घर्षण दुप्पट. रबर हा नियम पाळत नाही. भार वाढेल तशी पकड वाढते, पण मागे पडत पडत. समजा, ३५० किलो भाराखाली एक टायर ३५० किलोएवढा आडवा जोर सोसतो. तोच भार ५५० केला तर तो ५५० नाही, ५०० च्या आसपासच सोसेल. जोडीदाराचा भार १५० वर उतरला, तर तो फार तर १५५ देईल. दोघांची बेरीज आधी ७०० होती, आता ६५५. वजन तेच, टायर तेच, नुसती वाटणी बिघडली आणि पकड घटली. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण टायरचा स्वभाव अगदी असाच असतो.

आता गाडी वळणात घालू. वळताना आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं ते चार गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. गुरुत्वमध्य ५० सेंटीमीटरवर, चाकांमध्ये १५० सेंटीमीटर आणि वळणाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा असेल, तर वजनाचा एक तृतीयांश, म्हणजे जवळपास ४६५ किलो, आतून बाहेर जातो.

या हिशेबात स्प्रिंग कुठेच आली नाही. गाडी कलल्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाहेर सरकतो तेवढाच काय तो फरक, आणि तो किरकोळ असतो. कितीही कडक स्प्रिंगा टाका, ते ४६५ किलो जाणारच. कलणं दिसतं म्हणून आपण त्याला धरून बसतो. भार सरकताना दिसत नाही, म्हणून त्याचा विचारच होत नाही. १९८९ ची पहिली माझदा एमएक्स-५ वळणात चांगली कलायची आणि तरी ती चालवण्याचा आनंद देणाऱ्या गाड्यांमध्ये आजही तिचं नाव आधी घेतलं जातं.

मग सस्पेन्शनच्या हातात काय उरतं? बरंच काही. सरकणाऱ्या वजनाचा किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, हे तेच ठरवतं. पुढची-मागची यांपैकी जी जोडी जास्त कडक, तिथे जास्त भार सरकतो आणि त्या जोडीची पकड आधी संपते. पुढची आधी संपली तर गाडी वळायचं सोडून नाकासमोर जाते, हे अंडरस्टिअर. मागची संपली तर शेपूट फिरते, हे ओव्हरस्टिअर. अँटी-रोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पिळला जाणारा दांडा. तो हे प्रमाण बदलण्याचं सर्वांत सोपं हत्यार आहे, पण जपून वापरायचं. त्याचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. २२ मिलिमीटरच्या जागी २४ चा दांडा टाकला तर डोळ्यांना फरक कळणार नाही, पण तो सुमारे ४० टक्के जास्त कडक असतो.

हा तोल चुकला की काय होतं, याची उदाहरणं मोटारींच्या इतिहासात आहेत. १९६० मध्ये आलेल्या शेव्हरले कॉर्व्हेअरचं इंजिन मागे होतं आणि मागची चाकं अशी जोडलेली, की जोरात वळताना ती आत दुमडू शकत. शेपूट फिरू नये म्हणून कंपनीने हवेचा दाब सांगितला होता पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय. म्हणजे पुढच्या टायरांना मुद्दाम ढिलं ठेवायचं. कोण पाळणार? पुढचा अँटी-रोल बार सरसकट मिळाला तो १९६४ च्या मॉडेलपासून. पोर्शने इंजिन मागेच असलेल्या १९६९ च्या ९११ मध्ये मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेऊन वजनाचा तोल सावरला. पहिल्या ऑडी टीटीचे अतिवेगात अचानक दिशा बदलताना अपघात होऊ लागले, तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शनमध्ये बदल केले, शिवाय मागे स्पॉइलर आणि गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली. कसलेल्या इंजिनिअरांच्या हातून हे होतं, तर सुटीच्या दिवशी पाना घेऊन बसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता स्प्रिंगेकडे येऊ. जेवढी दाबाल तेवढी ती उलट ढकलणार, हा रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये छापलेला नियम. स्प्रिंगेवर ठेवलेलं वजन ठरावीक लयीत वरखाली होतं आणि सस्पेन्शनची माणसं स्प्रिंग ओळखतात ती या लयीवरून. आरामशीर गाडी सेकंदाला एकाहून थोडी जास्त आंदोलनं करते, रस्त्यावरची स्पोर्ट्स कार दीड-दोन. लय दुप्पट करायची तर स्प्रिंग चौपट कडक लागते. सेकंदाला एका आंदोलनाची लय हवी, तर स्प्रिंग नुसत्या गाडीच्या वजनाने २५ सेंटीमीटर दबलेली असावी लागते. दोनची हवी, तर जेमतेम ६. रस्त्याशी जुळवून घ्यायला उरलेली जागा इतक्या झपाट्याने आटते.

मित्राच्या गाडीत नेमकं काय झालं ते एका चाकावर मांडून बघू. उभ्या गाडीत प्रत्येक चाकावर ३५० किलो. त्या जोरकस वळणात आतल्या चाकावर राहतात ११५ च्या आसपास. मूळची स्प्रिंग चाकापाशी मोजली तर दर सेंटीमीटरला २५ किलोची. वळणात दोन सेंटीमीटरचा खळगा आला. चाक खाली गेलं, स्प्रिंग तेवढी सैल झाली, ५० किलो भार गेला, ६५ उरला. तळहात टेकलेला आहे. नवी स्प्रिंग दर सेंटीमीटरला ६० किलोची. त्याच खळग्यात १२० किलो जातात, आणि होते ११५. चाक अधांतरी! गुळगुळीत ट्रॅकवर हे कधी कळणारही नाही, कारण तिथे खळगेच नसतात. शर्यतीच्या गाड्या दगडासारख्या कडक दिसतात, पण त्यातल्या कित्येकींना हवा खाली दाबत असते आणि तो दाब पेलायलाच तेवढी कडक स्प्रिंग लागते. रस्त्यावरच्या गाडीला ती सोय नाही.

तो ‘धप्’ आवाज बाहेरच्या चाकाचा होता. गाडी खाली बसवली की चाकाला वर यायला मिळणारी जागा कमी होते. बंपस्टॉप नावाचा रबराचा गट्टू त्या जागेच्या टोकाला असतो. चाक त्याला भिडलं की कडकपणा एका क्षणात कित्येक पट होतो, सगळा भार त्या एका टायरवर आदळतो आणि पुढची पकड सुटते.

शॉक अब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला शॉकअप, खरं तर धक्का शोषत नाही. तो स्प्रिंगेला आवरतो. तेलात मागेपुढे सरकणारा दट्ट्या, त्याला बारीक भोकं, त्यांवर पातळ पोलादी चकत्या. तेल त्यातून जाताना ऊर्जेची उष्णता होते आणि डुलणं थांबतं. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर नव्या स्प्रिंगेचं उसळणं त्याला आवरत नाही आणि गाडी चेंडूसारखी नाचते. उलट दट्ट्या बाहेर येताना फार आवळून धरला, तर एका उंचवट्यावर दबलेलं चाक परत खाली यायच्या आत पुढचा उंचवटा येतो आणि गाडी दर धक्क्याला थोडी थोडी बसत बंपस्टॉपवर जाऊन टेकते. खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर मी तो चांगल्या शॉकअपवर करेन.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचं नातं इंजिनिअर मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत अभ्यासलं. उंचवट्यावर आधी पुढची चाकं चढतात, मग मागची. मागची लय थोडी जलद ठेवली तर मागचं टोक उशिरा सुरू करूनही पुढच्याला गाठतं आणि गाडीचं झोपाळ्यासारखं डोलणं लवकर थांबतं. नुसत्या पुढच्या स्प्रिंगा बदलणाऱ्याने ही जुळणी मोडलेली असते, तीही नकळत.

राहिली भूमिती, आणि खरी गंमत तिथेच आहे. पुष्कळ गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो: खाली एक आडवा आर्म, वर शॉकअप आणि स्प्रिंगेचा खांब. मूळ उंचीवर आर्म चाकाकडे थोडा उतरता असतो. गाडी खाली बसवली की त्याचं चाकाकडचं टोक वर जातं. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर यामुळे गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांब होते. खाली बसवलेल्या गाडीला जास्त कलायचं असतं! कडक स्प्रिंगेचा बराचसा जोर ही आपणच केलेली चूक झाकण्यात जातो. शिवाय अशा आर्ममुळे चाक दबताना त्याचा माथा आत झुकायचा कमी होतो आणि टायर बाहेरच्या कडेवर घासत वळतो. त्यातच स्टिअरिंगचा दांडा आणि आर्म वेगवेगळ्या कोनांत फिरायला लागले की प्रत्येक खड्ड्यागणिक चाक स्वतःच थोडं वळतं. मित्राच्या हातातले हिसके हेच होते.

तेव्हा गाडीखाली हात घालायचा तर आधी टायर कसे आहेत ते बघावं, मग बुश, म्हणजे सांध्यांमधले रबरी तुकडे, फाटलेत का, शॉकअप गळतोय का, आणि मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन. थकलेल्या टायरांवर नव्या स्प्रिंगा म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पुढच्या चाकांना एखाद अंश जास्त कँबर दिला, म्हणजे त्यांचा माथा तेवढा आत झुकवला, तरी कित्येकदा अंडरस्टिअर बरंच कमी होतं. त्यानंतर शॉकअप आणि स्प्रिंगा एकत्र, एकमेकांना साजेशा. आणि उरलेला तोल अँटी-रोल बारने. दर वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

मित्राला मी आधी काही विकत घेऊ दिलं नाही. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक झिप टाय आवळला आणि टायरच्या कडेवर खडूची रेघ ओढली. त्या वळणातून एकदा जाऊन आलो. झिप टाय थेट बंपस्टॉपपाशी ढकलला गेला होता आणि बाहेरच्या कडेवरचा खडू बाजूच्या भिंतीपर्यंत पुसला गेला होता. गाडी दोन सेंटीमीटर वर घेतली, स्प्रिंगा मूळच्यापेक्षा थोड्याच कडक निवडल्या, त्यांना जुळणारे शॉकअप घेतले आणि कँबर वाढवला. पुढच्या फेरीत झिप टाय दीड सेंटीमीटर अलीकडे थांबला आणि खडूची रेघ कडेपाशीच संपली. गाडी आता पुन्हा थोडी कलते. चाकावरची फट तीन बोटांची झाली आहे आणि फोटोत ती बरी दिसत नाही, अशी मित्राची अजूनही कुरकुर आहे.