एटी की एलटी? मुळात प्रश्नच चुकतोय

थार असो, स्कॉर्पिओ असो की फॉर्च्युनर, टायर बदलायची वेळ आली की नागपुरात हमखास एकच विचारणा होते: "भाऊ, एटी टाकू का एलटी?" आणि चारचौघांतला कोणीतरी लगेच ठोकून देतो, "एलटीच टाक बे, दणकट असते." हा प्रश्न म्हणजे साडी नऊवारी हवी की रेशमी, असं विचारण्यासारखा आहे. नऊवारी रेशमी असते, सुतीही असते. तसाच एटी टायर एलटी असू शकतो, नसूही शकतो. आणि एलटी टायर साध्या हायवेच्या नक्षीतही मिळतो. दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत टाकून लोक साठ-सत्तर हजारांचा निर्णय घेतात, मग "गाडी फार आदळते राव" म्हणून वर्षभर रडत बसतात.

एटी म्हणजे ऑल टेरेन. हे टायरच्या बाहेरच्या नक्षीचं नाव. एलटी म्हणजे लाइट ट्रक. हे आतल्या सांगाड्याचं नाव: दोऱ्यांचे थर किती मजबूत, बाजूची भिंत किती जाड, आणि तो टायर किती हवेवर चालण्यासाठी बनवलाय.

नक्षीचं थोडक्यात उरकतो, कारण ते बहुतेकांना माहीत असतं. एचटी म्हणजे हायवेचा टायर. त्याच्या खाचा बारीक, आवाज कमी, पावसात ओल्या डांबरावर पकड चांगली. एटीचे ठोकळे मोठे, खाचा रुंद. मुरूम-गिट्टीवर बरा, बदल्यात थोडा आवाज आणि थोडं मायलेज जातं. एमटी म्हणजे चिखलाचा टायर. शहरात तो मुख्यतः फुटाळा तलावावर मिरवायला लागतो, त्यावर न बोललेलं बरं. ज्यांची गाडी वर्षभर वर्धा रोड, अमरावती रोड आणि समृद्धी एवढ्यातच फिरते त्यांनी एचटी घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. "पण आम्ही ताडोबाला जातो ना!" मोहर्लीच्या गेटपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि आत तुम्हाला जिप्सी नेते. तुमचा टायर तिकडे पार्किंगमध्ये उभा असतो.

आता खरा घोळ.

टायरची बाजू अंगठ्याने पुसून तिथली ओळ वाचा. फॉर्च्युनरच्या मापाचा साधा टायर असेल तर '२६५/६० आर १८ ११० एच' असं काहीसं दिसेल. त्याच मापाचा एलटी असेल तर सुरुवातीलाच 'एलटी' ही अक्षरं आणि शेवटी '११९/११६ एस' असे दोन आकडे. मापाच्या पुढचा हा आकडा म्हणजे लोड इंडेक्स. ११० म्हणजे एका टायरवर १०६० किलो, ११९ म्हणजे १३६० किलो. (दुसरा आकडा, ११६, मागे जोडटायर लावणाऱ्या गाड्यांसाठी. तुमचा त्याच्याशी संबंध नाही.) दुकानातला माणूस या आकड्यांवर बोट ठेवून म्हणतो, बघा, एका टायरमागे तीनशे किलो जास्त! गिऱ्हाईक खूश.

पण तो १३६० किलोचा आकडा कोणत्या हवेवर आहे, हे कोणी विचारत नाही. अशा टायरवर बहुधा 'लोड रेंज ई' लिहिलेलं असतं, आणि ई म्हणजे ८० पीएसआय (पंपावर हवेचा दाब मोजतात ते माप). डी असेल तर ६५, सी असेल तर ५०. म्हणजे तो टायर १३६० किलो पेलतो ते त्यात ८० हवा असताना. साधा टायर मात्र आपलं पूर्ण वजन ३५-३६ वरच पेलतो. आणि जी गोष्ट ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात ती ही: ३५ हवेवर एलटी टायर त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा कमी वजन पेलतो. जास्त नाही, कमी.

याला कारण आहे. गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. रबर आणि दोरे ती हवा धरून ठेवतात. एलटीचा सांगाडा जास्त दाब धरून ठेवण्यासाठी जाड केलेला असतो. त्यात दाबच भरला नाही तर ती जाडी वजन पेलायला फारशी कामाला येत नाही. उलट टायर रस्त्याला टेकतो तिथे दर फेरीला ती जाड भिंत वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते, आणि दर वाकण्याला उष्णता तयार होते. जाड रबरातून ती लवकर बाहेरही पडत नाही.

आता हे नागपूरच्या मे महिन्यात आणून बसवा. नवतपा सुरू आहे, पारा ४५ च्या वर. घरातली सात माणसं, छतावर सामान, शिवमडक्याहून समृद्धीवर चढायचं आणि शिर्डीपर्यंत ५२० किलोमीटर मर्यादेच्या काट्यावर, १२० ने पळवायचं. शहरातल्यासारखं सिग्नलला थांबणं नाही, टायरला गार व्हायला उसंत नाही. टायर नवे एलटी, म्हणून मालक निर्धास्त; आणि हवा? दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर ३२-३३ लिहिलंय, तेवढी. ते स्टिकर कंपनीने गाडीसोबत दिलेल्या साध्या टायरसाठी आहे. एलटीसाठी त्यातला आकडा कमी पडतो. म्हणजे सर्वात 'दणकट' टायर टाकलेली गाडी प्रत्यक्षात कमी हवेवर धावतेय, तेही सर्वात वाईट परिस्थितीत. आत दोऱ्यांचे थर हळूहळू सुटू लागतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि टायर फुटला की लोक म्हणतात रस्ताच वाईट.

एलटी टाकायचाच असेल तर त्या टायर कंपनीचा वजन आणि हवेचा तक्ता मिळवा, आपल्या मापाची ओळ काढा आणि त्यातून हवा ठरवा. ती स्टिकरपेक्षा बहुधा पाच ते दहा पीएसआय जास्त निघते. ८० भरायची नसते, हेही सांगतो, कारण तसं भरणारेही आहेत. हवा वाढवली की गाडी प्रत्येक सिमेंट रोडच्या सांध्यावर ठक् ठक् करणार. त्यात टायरच वजनाला जड, म्हणून मायलेज घसरणार आणि ओल्यात ब्रेकही जरा लांब लागणार. किंमत फक्त बिलावरच चुकवायची नसते.

हवेचा विषय निघालाच आहे तर दुसरी चिड. उन्हाळा आला की "हवा फुगते, टायर फुटेल" म्हणून दोन-तीन पॉइंट हवा काढणारे. चुकीचं आहे. टायर तापल्यावर दाब चार-पाच पीएसआयने वाढतो हे बनवणाऱ्याला माहीत असतं आणि त्याने ते धरलेलं असतं. हवा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना मोजायची. दुपारी पेट्रोल पंपावर तापलेल्या टायरमधून हवा काढली की तो थंड झाल्यावर कमी हवेवर येतो, आणि वर सांगितलेलं वाकण्याचं दुखणं सुरू होतं. टायर जास्त हवेने क्वचित फुटतो, कमी हवेने सर्रास.

मग एलटी कोणी घ्यावा? वजनासाठी जवळपास कोणीच नाही. या वर्गातल्या गाड्या पूर्ण भरून अडीच-पावणेतीन टनांच्या आसपास जातात. ११० चे चार साधे टायर मिळून ४२४० किलो पेलतात. शंका असेल तर गाडीच्या प्लेटवर भरलेलं कमाल वजन लिहिलेलं असतं, ते बघा. एलटीचा खरा फायदा वेगळाच आहे: दगडाने बाजूला कट लागत नाही, निदान पटकन लागत नाही. हा फायदा आपल्याकडे काहींना नक्की हवा असतो. वणी-उमरेडकडच्या कोळसा खाणींवर रोज जाणारे ठेकेदार, मनसरकडे मँगनीजच्या कामावर असणारे, गिट्टी खदानीत आणि क्रशरवर दिवस काढणारे, मेळघाटात आतपर्यंत गाडी घालणारे. फोडलेल्या काळ्या दगडाची धार ब्लेडसारखी असते आणि ती टायरच्या नक्षीला लागत नाही, बाजूला लागते. नक्षीतलं पंक्चर शंभर-दीडशे रुपयांत निघतं. बाजूचा कट म्हणजे टायर गेला. अशा माणसाने एलटी घ्यावा, तक्त्याप्रमाणे हवा ठेवावी आणि आदळण्याबद्दल तक्रार करू नये.

मधला एक मार्ग आहे आणि तो दुकानात कोणी सुचवत नाही. साध्या टायरवर 'एक्सएल' लिहिलेलं मिळतं, म्हणजे एक्स्ट्रा लोड. २६५/६० आर १८ मध्ये साधा ११० चा, तर एक्सएल ११४ चा, म्हणजे ११८० किलो. त्याला पूर्ण वजनासाठी लागणारी हवा ४१-४२, ८० नाही. महिन्यातून दोनदा शेतावर, एरवी शहर आणि हायवे, असं ज्यांचं आहे, त्यांना मी एक्सएल एटी सांगतो. लोड इंडेक्स कंपनीच्या टायरइतका किंवा जास्त असावा, खाली कधीच नाही.

शेतावरून आठवलं. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा असणारे म्हणतात, पावसाळ्यात पांदणात गाडी फसते, एलटी एटी टाकला की निघेल. नाही निघणार. ओली काळी माती एटीच्या खाचांत गच्च भरते आणि अर्ध्या चक्करीत टायर गुळगुळीत लाडवासारखा होतो. सांगाडा एलटीचा असो की साधा, बाहेरून मातीचाच. रुंद खाचांचा एमटी स्वतःला थोडा झाडून घेतो, पण तोही चमत्कार करत नाही. जुलैत पांदणात ट्रॅक्टर न्यावा, किंवा गाडी डांबरावर ठेवून चालत जावं.

बाकी गोष्टी पटापट. "साहेब, दहा प्लायचा आहे" म्हणून सांगतात तेव्हा आत दहा थर नसतात. ते सुती दोऱ्यांच्या काळातलं मोजमाप ताकद दाखवायला अजून वापरतात. बाजूवर लिहिलेला कमाल दाबाचा आकडा ही भरायची हवा नव्हे. नायट्रोजनसाठी ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याने द्यावेत. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. एक माप रुंद टायर टाकून गाडी 'भारी' दिसते, पण स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासतो आणि स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतं. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारख्याच झिजेचे ठेवा, नाहीतर फोर व्हील टाकल्यावर गिअर-पेटीवर ताण येतो. खाच १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही टायर संपला.

आणि खरेदी करताना बाजूवरचा चार आकडी कोड बघा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. मोठ्या मापांचे टायर आपल्याकडे कमी खपतात, म्हणून गोदामात पडून राहतात. तीन वर्षं जुना टायर नव्याच्या भावात देतात आणि तुम्ही विचारलं नाही तर कोणी सांगत नाही. पाचही टायरचा कोड बघा, हो, पाच. चार एलटी आणि स्टेपनी जुनीच साधी ठेवली तर पंक्चर झाल्यावर एका चाकात वेगळ्या जातीचा, वेगळ्या हवेचा टायर येतो, आणि तो घेऊन लोक घरापर्यंत १०० ने येतात.