गिटार पेडलची बॅटरी-जोडणी

फक्त अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या गिटार इफेक्ट पेडलमध्ये (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डब्यात) ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी बसवून ते विजेच्या बोर्डाशिवाय वाजवता येईल असे करणे, याला बॅटरी-जोडणी म्हणतात. बॅटरीच्या दोन तारा डागायला (सोल्डर करायला) पाच मिनिटे पुरतात. वेळ जातो तो ही बॅटरी योग्य क्षणी आपोआप सुटी होईल अशी सोय करण्यात: अ‍ॅडॉप्टर लावला की ती सुटली पाहिजे आणि गिटारची केबल काढली की तेव्हाही सुटली पाहिजे. बहुतेक फसलेल्या जोडण्या या दोहोंपैकी एकावर फसतात.

सुरुवातीची पेडले बॅटरीवरच चालत. १९६२ मध्ये आलेल्या मेस्ट्रो फझ-टोनमध्ये दीड व्होल्टचे दोन सेल होते. १९६६ च्या फझ फेसमध्ये ९ व्होल्टची एक बॅटरी होती आणि अ‍ॅडॉप्टरसाठी भोकच नव्हते. पुढे आठ-दहा पेडले एका फळीवर मांडून एकाच सप्लायवर चालवायची पद्धत रूढ झाली, डिजिटल पेडलांची विजेची भूक वाढली, डबे लहान होत गेले आणि अनेक उत्पादकांनी बॅटरीची जागा काढून टाकली. तरीही बॅटरीचा एक फायदा टिकून आहे. तिच्यात मेन्सची घरघर नसते, स्वस्त अ‍ॅडॉप्टरची शिट्टी नसते आणि दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून (सर्किटच्या सामायिक शून्य-व्होल्ट बाजूतून) तयार होणारा गुणगुणाटही नसतो. उघड्यावर वाजवणाऱ्यांची सोय होते ती वेगळीच.

आधी मोजणी

पेडल किती प्रवाह ओढते हे कळल्याशिवाय पेचकस हातात घेऊ नये. साध्या फझला (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलला) एक-दोन मिलिअँपिअर पुरतात, ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारी पेडले) साधारण ४ ते १० घेतात, डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारे पेडल) ५० च्या वर जातो आणि मोठ्या प्रोसेसरची रिव्हर्ब (आवाज घुमवणारी) पेडले १०० ते ३०० पर्यंत. अल्कलाइन बॅटरीची क्षमता सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास असते, साध्या झिंक-कार्बनची (हिच्यावर ६एफ२२ असे छापलेले असते) सुमारे ४००. म्हणजे ५ मिलिअँपिअरचे ओव्हरड्राइव्ह अल्कलाइनवर शंभरेक तास चालते. ६० मिलिअँपिअरच्या डिलेला हिशेबाने आठ तास मिळायला हवेत, पण जास्त प्रवाह ओढला की या बॅटरीची क्षमताच घटते, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाहीत. ९ व्होल्टचे आत १८ करून वापरणारी पेडले बॅटरीतून दुप्पट प्रवाह घेतात, हेही हिशेबात धरावे.

छापील आकड्यापेक्षा स्वतः मोजलेले बरे. ज्या पेडलमध्ये बॅटरी अडकवायची क्लिप आहे तिथे बॅटरी तिरपी करून तिचे एकच टोक क्लिपला अडकवायचे, दुसरे मोकळे ठेवायचे. मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून, लाल प्रोब मिलिअँपिअरच्याच भोकात घालून, एक प्रोब बॅटरीच्या मोकळ्या टोकाला आणि दुसरा क्लिपच्या मोकळ्या टोकाला टेकवायचा. इनपुटमध्ये केबल असायलाच हवी, नाहीतर आकडा शून्य येतो. मीटर याच स्थितीत असताना चुकून बॅटरीच्या दोन्ही टोकांना प्रोब लावले तर मीटरचा फ्यूज उडतो. फक्त अ‍ॅडॉप्टरच्या पेडलमध्ये धन तार सोडवून मीटर मध्ये घालावा लागतो.

३० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चौकोनी बॅटरी परवडते. त्यापुढचा विचार खाली वेगळा केला आहे.

जागा

बॅटरीचे माप सुमारे ४८.५ × २६.५ × १७.५ मि.मी. असते, क्लिपसह लांबी आणखी सातआठ मि.मी. वाढते. १२५बी मापाच्या ॲल्युमिनियम डब्यात (साधारण १२२ × ६६ × ३९) ती आरामात बसते. १५९०बी मध्ये (११२ × ६० × ३१) जॅक (केबल खुपसायची भोके) समोरासमोर नसून वरच्या कडेला असतील तर बसते, आणि तेही सर्किट बोर्ड पातळ असेल तरच. १५९०ए या चिमुकल्या डब्याच्या नादी लागू नये. झाकण लावण्यापूर्वी बॅटरीच्या जागी तिच्याच मापाचा खोडरबर किंवा पुठ्ठ्याचा ठोकळा ठेवून झाकण बसते का ते पाहावे. जोडणी पूर्ण झाल्यावर हे कळणे फार महागात पडते. डबा ग्राउंडला जोडलेला असतो, म्हणून क्लिपवर इन्सुलेशन टेप आणि बॅटरी व बोर्ड यांच्यामध्ये ३-४ मि.मी. फोम हवा. फोम बॅटरी खुळखुळू देत नाही, आणि बोर्डाखालची टोके तिच्या आवरणात घुसत नाहीत.

जोडणी

सामान थोडे आहे: बॅटरी क्लिप, ६.३५ मि.मी. चा स्टिरिओ जॅक, आतल्या स्विचसह ५.५ × २.१ मि.मी. चा प्लास्टिकचा डीसी जॅक, थोडी वायर आणि हीट-श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी) नळी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत असे सामान मिळते.

पहिली व्यवस्था डीसी जॅकमध्ये. गिटार पेडलांत मधली पिन ऋण आणि बाहेरची नळी धन असते. घरातल्या बहुतेक उपकरणांच्या उलट असलेली ही रीत विचित्र वाटते, पण तिला कारण आहे. या जॅकमधला स्विच नळीच्या संपर्कावर असतो, पिनवर नसतो. धन बाजू नळीवर ठेवली की बॅटरीची धन तार याच स्विचने तोडता येते आणि ग्राउंड अखंड राहतो.

जॅकला तीन पाय असतात आणि ते कोणते हे अंदाजाने ठरवू नये. मल्टिमीटर बीपवर ठेवून, जॅक रिकामा असताना जे दोन पाय एकमेकांशी बीप देतात ते नळी आणि स्विच. उरलेला पिनचा. आता सुटी डीसी पिन आत घालायची: मघाची बीप बंद होते. या दोहोंपैकी जो पाय घातलेल्या पिनच्या बाहेरच्या नळीशी बीप देतो तो नळीचा, दुसरा स्विचचा. बोर्डाची धन तार नळीच्या पायाला, बोर्डाचे ग्राउंड पिनच्या पायाला आणि बॅटरीची लाल तार स्विचच्या पायाला लागते.

दुसरी व्यवस्था इनपुट जॅकमध्ये. इथे मोनो जॅक काढून स्टिरिओ बसवतात. टिपला (टोकाच्या संपर्काला) गिटारचा सिग्नल, स्लीव्हला (मुळाशी असलेल्या संपर्काला) ग्राउंड आणि रिंगला (मधल्या संपर्काला) बॅटरीची काळी तार. गिटारच्या केबलची पिन मोनो असते. ती आत गेली की तिची लांब स्लीव्ह जॅकच्या रिंग आणि स्लीव्ह दोन्ही संपर्कांना टेकते आणि बॅटरीचे ऋण टोक ग्राउंडला मिळते. केबल काढली की मार्ग तुटतो. म्हणूनच वादन संपल्यावर इनपुटमधली पिन काढून ठेवायची सवय लावतात. पायाने पेडल बंद केल्याने फक्त एलईडी विझतो, सर्किट बॅटरी पीतच राहते. आउटपुटची केबल राहिली तरी चालते.

एलईडी बऱ्याचदा सर्किटपेक्षा जास्त खातो. त्याच्यापुढे १ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर ७ मिलिअँपिअर जातात. झगझगीत जातीचा एलईडी आणि ४.७ किलोओहम लावला की दीड मिलिअँपिअरमध्ये तेवढेच दिसते, आणि बॅटरीचे आयुष्य जवळपास दुप्पट झाल्याचे पाहून आश्चर्य वाटते.

जॅक बोर्डावरच डागलेले असतील तर काम अवघड होते. डीसी जॅकचा स्विच-पाय बोर्डावर नळीशी जोडलेला असल्यास ती रेघ धारदार कटरने तोडावी लागते. तोडायची नसेल तर बॅटरीच्या लाल तारेत १एन५८१७ हा शॉट्की डायोड घालून, पट्ट्याची बाजू बोर्डाकडे ठेवून ती बोर्डाच्या धन बिंदूला लावतात. मग अ‍ॅडॉप्टरचा प्रवाह बॅटरीत उलटा शिरत नाही. मात्र नवी बॅटरी साडेनऊ व्होल्ट देते आणि अ‍ॅडॉप्टर नऊ, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर लावलेला असूनही सुरुवातीला बॅटरीच खर्च होते. डायोड आणि स्विच दोन्ही वगळून तारा सरळ समांतर जोडणे हा मात्र निव्वळ अविचार: अ‍ॅडॉप्टर अल्कलाइन बॅटरीला चार्ज करू पाहतो, ती तापते, फुगते आणि तिच्यातला क्षार डब्यात सांडतो.

काय बिघडते

काळी तार रिंगऐवजी स्लीव्हला लागली तर पेडल उत्तम वाजते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बॅटरी मेलेली सापडते. याच्या उलट, केबल घालूनही पेडल मेलेलेच असेल तर इनपुटमध्ये स्टिरिओ पिनची केबल गेलेली असते किंवा रिंगची पाती वाकून पिनेला टेकत नसते.

जुन्या बॅटरीचा वरचा तुकडा काढून त्याची क्लिप बनवणारे हमखास एक चूक करतात. बॅटरीवर लहान गोल बटण धन आणि मोठे षटकोनी ऋण असते. हा तुकडा क्लिप म्हणून वापरला की मोठे टोक नव्या बॅटरीच्या लहान बटणावर बसते. म्हणजे लाल तार तुकड्याच्या मोठ्या टोकाला डागायची. छापलेल्या खुणेवर विसंबले की ध्रुव उलटतात. बोर्डावर उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड नसेल तर तेवढ्यात आयसी जळू शकतो.

बॅटरी उतरू लागली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. काही सर्किटे तेव्हा मोटारबोटीसारखा पट-पट-पट आवाज काढतात. बोर्डाच्या धन आणि ग्राउंड यांमध्ये १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर टाकल्यास तो सहसा थांबतो. आत ५ व्होल्टचा रेग्युलेटर असलेली डिजिटल पेडले साधारण ७ व्होल्टच्या खाली गडबडतात. फझ मात्र मरत्या झिंक-कार्बन बॅटरीवर आवडीने वाजवणारे लोक आहेत.

धन ग्राउंडची (बॅटरीचे धन टोक ग्राउंडला जोडलेली) जुन्या घडणीची जर्मेनियम फझ पेडले वेगळी धरावीत. त्यांत रिंगला लाल तार जाते आणि काळी सर्किटला. त्यांना डीसी जॅक न देता नुसत्या बॅटरीवर ठेवणे उत्तम; इतर पेडलांच्या सामायिक अ‍ॅडॉप्टरवर ती लावली तर सप्लाय शॉर्ट होतो.

जास्त भुकेची पेडले

३० मिलिअँपिअरच्या पुढे दीड व्होल्टचे सहा अल्कलाइन एए सेल होल्डरमध्ये घालून डब्याबाहेर ठेवणे सर्वांत निर्धोक: ९ व्होल्ट, सुमारे २००० मिलिअँपिअर-तास आणि शून्य आवाज. १८६५० जातीचा एक लिथियम सेल ३.७ व्होल्टचा असतो, त्याला ९ पर्यंत चढवणारा बूस्ट मोड्यूल लागतो. ६० मिलिअँपिअरच्या पेडलसाठी ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर सेलमधून सुमारे १७० मिलिअँपिअर जातात. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल अकराएक तास पुरतो. बूस्टच्या शिट्टीसाठी पुढे १० ओहम आणि ४७० मायक्रोफॅरडचा फिल्टर घालतात. अतिडिस्चार्ज रोखणारे सर्किट नसलेला सेल वापरू नये. यूएसबीने चार्ज होणाऱ्या ‘९ व्होल्ट’ बॅटऱ्यांत हाच मोड्यूल दडलेला असतो आणि फिल्टर बहुधा नसतो. पॉवर बँक तर प्रवाह थोडा वाटला की स्वतःच बंद होते.

पेडल उघडायचेच नसेल तर बॅटरी क्लिपला डीसी पिन लावलेली तयार वायर मिळते. बाजारातल्या अशा वायरी बहुतांशी शिकाऊ इलेक्ट्रॉनिक्स बोर्डांसाठी बनवलेल्या असतात आणि त्यांची मधली पिन धन असते. मीटरने तपासून, गरज पडल्यास मध्येच कापून तारा उलटसुलट डागून घ्याव्यात. हिला स्विच नसतो, वाजवून झाले की ओढून काढावी लागते.