आरपार दिसावं, पण लहरी अडाव्यात

मायक्रोवेव्हच्या दारातून आतलं दूध उतू जातंय का ते पाहताना आपण खरं तर एका जाळीतून पाहत असतो. काचेच्या आत भोकं पाडलेला धातूचा पत्रा असतो. भोकं एक-दोन मिलिमीटरची आणि आतल्या २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी साधारण १२ सेंटिमीटर. लहरींना ती भोकं जवळजवळ दिसतच नाहीत. प्रकाश मात्र आरामात बाहेर पडतो. भट्टीसाठी ही सोय पुरते. पण मोजमापाच्या उपकरणाचा डिस्प्ले किंवा विमानाच्या कॉकपिटची काच असेल, तर लहरी अडवायच्या असल्या तरी डोळ्यांसमोर जाळी नको असते. अशा आरपार दिसणाऱ्या कवचासाठी आज ज्याचं नाव घेतलं जातं ते ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एक अणू जाडीचा थर.

धातूचं वेष्टण विजेला अडवतं हे जुनं ज्ञान आहे. मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फुटी खोकं उभारलं, बाहेरून त्यावर प्रचंड विद्युतभार दिला आणि स्वतः आत जाऊन बसला. आतली उपकरणं ढिम्म हलली नाहीत. पुढे १८९० च्या दशकात कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटर लांबीच्या लहरींचं ध्रुवीकरण (लहरीचं कंपन एकाच दिशेत असणं) दाखवायला चक्क ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक वापरलं. पानापानांत कथलाचा वर्ख घातला. पुस्तक एका बाजूने धरलं की लहरी पार, काटकोनात फिरवलं की बंद.

वर्ख पारदर्शक असता तर हा लेख लिहावा लागला नसता. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन रेडिओलहरी परतवतात तसाच प्रकाशही परतवतात. विजेला वाट आणि प्रकाशालाही वाट, असा पहिला पदार्थ १९०७ मध्ये कार्ल बेडेकर यांनी नोंदवला: कॅडमियम ऑक्साइडचा पातळ थर. (हे बेडेकर प्रसिद्ध प्रवास-मार्गदर्शिकांच्या घराण्यातले. रेल्वे वेळापत्रकानंतर प्रवासाची पुस्तकं, योगायोगच.) पुढे ही जागा इंडियम टिन ऑक्साइडने घेतली. आज फोनच्या टचस्क्रीनमध्ये बहुधा तेच असतं. पण ते ठिसूळ, वाकवलं की तडकणारं. आणि इंडियम मुख्यतः जस्ताच्या खनिजातून उपउत्पादन म्हणून मिळतं, त्यामुळे मागणी वाढली म्हणून पुरवठा लगेच वाढवता येत नाही.

ग्राफीन या रांगेत उशिरा आलं. २००४ मध्ये मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे सोलत सोलत कार्बनचा एक अणू जाडीचा थर वेगळा केला. २०१० चं नोबेल त्यांना मिळालं. आपल्या विषयासाठी त्याहून महत्त्वाचं मोजमाप २००८ चं: असा एक थर दृश्य प्रकाशातला फक्त २.३ टक्के भाग शोषतो. म्हणजे चार थर रचले तरी नव्वद टक्के प्रकाश पार.

पण चिकटपट्टीवरच्या कणाएवढ्या तुकड्याने काच झाकता येत नाही. २००९ मध्ये टेक्सासमध्ये तांब्याच्या पत्र्यावर, तापवलेल्या मिथेनमधून ग्राफीन उगवण्याची रीत जमली. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियातल्या गटाने ३० इंची फिल्म एका रोलरवरून दुसऱ्या रोलरवर गुंडाळत प्लास्टिकवर उतरवली. एका थराचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुमारे १२५ ओम प्रति चौरस (पातळ थराचा रोध मोजायचं एकक). चार थर रचून नायट्रिक आम्लाने डोपिंग केल्यावर, म्हणजे आम्लाच्या प्रक्रियेने वाहकता वाढवल्यावर, ३० ओम.

हा ‘ओम प्रति चौरस’ आकडा इथे कळीचा. जाड धातूत लहर आत शिरता शिरता विरते. एका अणूच्या थराला जाडीच कुठली? तिथे फक्त रोध बोलतो. मोकळ्या अवकाशाचा लहरींना असलेला प्रतिबाध, म्हणजे लहरींपुरता जणू रोधच, ३७७ ओम. फिल्मचा रोध त्याच्या निम्म्याहून बराच खाली आणला तरच ती लहरी जोमाने परतवते. हिशेब केला तर ९९ टक्के शक्ती अडवायला, म्हणजे २० डेसिबल (लहर किती अडली याचं माप) गाठायला, सुमारे २१ ओम हवेत. १२५ ओमला जेमतेम ८ डेसिबल मिळतात. २०१२ मध्ये कोरियातच एका थराचं प्रत्यक्ष मोजमाप झालं: सरासरी २.२७ डेसिबल, म्हणजे सुमारे ४० टक्के शक्ती अडली. एका अणूच्या जाडीला हे थोर आहे. पण ‘अद्भुत कवच’ म्हणून मथळे देणाऱ्यांनी हा आकडा सहसा छापला नाही.

माझ्या मते ग्राफीनची खरी कहाणी इथून सुरू होते, कारण जो रोध परावर्तनाला जास्त पडतो तोच शोषणाला नेमका लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विनफिल्ड सॅलिसबरी यांनी रडारच्या लहरी गिळणारा पडदा सुचवला होता. धातूच्या पत्र्यापुढे पाव तरंगलांबीवर ३७७ ओमचा थर ठेवायचा. परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि सगळी शक्ती त्या थरात उष्णता होऊन जिरते. काही शे ओमचं ग्राफीन त्या जागी जणू बेतून केलेलं. २०१४ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात याच तत्त्वावर ग्राफीन आणि क्वार्ट्झचे थर रचून १२५ ते १६५ गिगाहर्ट्झमध्ये सुमारे नव्वद टक्के शोषण दाखवलं गेलं. त्यानंतर चीनमध्ये ग्राफीन आणि पारदर्शक पॉलिस्टर यांच्या चळतीने ऐंशी टक्के पारदर्शकता राखून १९ डेसिबलपर्यंत मजल मारली, आणि त्यातला मोठा वाटा शोषणाचा होता. शोषणाला महत्त्व यासाठी की परतवलेली लहर नाहीशी होत नाही. ती त्याच पेटीतल्या दुसऱ्या सर्किटला जाऊन छळते.

मागच्या बाजूला पत्रा हवा, तोही पारदर्शक. म्हणून आता मानवी केसाहून बारीक तारांची जाळी आणि पुढे ग्राफीन अशा जोड्या लावल्या जातात. अडचण राहते ती कारागिरीची. तांबं विरघळवून फिल्म प्लास्टिकवर घेताना सुरकुत्या पडतात, बारीक फाटते. आणि नायट्रिक आम्लाने कमावलेली वाहकता हवेत उघडी ठेवली की हळूहळू उडून जाते.