पत्र्याचं चर्च आणि निसेन हट

ब्रिटनमधल्या पत्र्याच्या चर्चचा विषय निघाला की कुणीतरी ऑर्कनी बेटांवरच्या इटालियन चॅपेलचा फोटो हमखास पुढे करतो. चॅपेल देखणं आहे, त्यात वाद नाही. पण ते त्या जातीचं नव्हे. एकापुढे एक जोडलेल्या दोन निसेन हट, म्हणजे गोलाकार पत्र्याच्या लष्करी झोपड्या, आहेत त्या.

पन्हळी पत्रा आपल्याकडे गोठ्यापासून मंगल कार्यालयापर्यंत सगळ्यांनी पाहिलेला आहे. १८२९ साली हेन्री पामरने लंडनमध्ये त्याचं पेटंट घेतलं, पुढे जस्ताचा मुलामा आला, गंज लांबला. पत्र्याचं चर्च काय, निसेन हट काय, दोन्ही कारखान्यातून सुट्या भागांत यायच्या, हेही सारखंच.

खरी मेख सांगाड्यात आहे. व्हिक्टोरियन काळात पत्र्याचं चर्च कॅटलॉगमधून निवडून मागवत. उभं राहायचं ते लाकडी सांगाड्यावर. पत्रा म्हणजे नुसता अंगरखा. काम सुताराचं, म्हणून भिंती सरळ, छप्पर दोन्हीकडे उतरतं, टोकदार कमानीच्या खिडक्या बाजूच्या भिंतींत हव्या तिथे. स्कॉटलंडमधल्या किलिन गावचं सेंट फिलन्स बघा: १८७६ साली ब्रेडलबेनच्या अर्लने शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधलेलं. (बंदूक बाहेर ठेवून प्रार्थना, असा थाट असावा.)

निसेन हट थेट १९१६ची, पहिल्या महायुद्धातली. ब्रिटिश लष्करातल्या पीटर नॉर्मन निसेनने ती सैनिकांच्या निवाऱ्यासाठी आखली. सहा माणसं चार तासांत उभी करू शकत. लोखंडी कमानींवर वाकवलेला पत्रा, त्यामुळे भिंत कुठे संपते आणि छप्पर कुठे सुरू होतं ते सांगताच येत नाही. अशा गोलाईत खिडकी बसवणं कटकटीचं. चर्चचं रूप द्यायला मोकळी जागा उरते ती समोरच्या तोंडावर आणि आतल्या अस्तरावर. ऑर्कनीत दुसऱ्या महायुद्धात डोमेनिको किओकेत्ती आणि त्याच्या सोबतच्या इटालियन युद्धकैद्यांनी नेमकं तेच केलं: पुढे काँक्रीटची दर्शनी भिंत, आत प्लास्टरबोर्डवर रंगवलेल्या विटा. तेव्हा फोटो पाहताना दर्शनी भिंतीवर भाळू नका, बाजू बघा.

चित्रकला ऑर्कनीची सरस, पण बांधकाम म्हणून मी किलिनच्याच बाजूने. पन्हळी पत्र्याच्या इमारती देशभर साथीसारख्या पसरताहेत, अशी त्या काळच्या कलाकार-लेखक विल्यम मॉरिसची तक्रार होती. दगडी चर्चसाठी पैसे नसलेल्या वस्तीने मग काय पावसात उभं राहून प्रार्थना करायची?