‘कॉग्निझन्स’ आणि आपली ‘दखल’

‘न्यायालयाने प्रकरणाची दखल घेतली’ अशी बातमी मराठीत येते, तेव्हा तिच्या इंग्रजी प्रतीत बहुधा ‘कॉग्निझन्स’ हा शब्द असतो. कोशात त्याचा अर्थ जाणीव, भान असा सापडेल. पण ‘मला भूक लागल्याची जाणीव झाली’ हे सांगायला कोणी तो वापरत नाही.

मूळ लॅटिन ‘कॉग्नोस्केरे’, म्हणजे ओळखणे, जाणून घेणे. त्यातला ‘ग्नो’ आणि संस्कृतातला ‘ज्ञा’ एकाच घरचे, म्हणजे आपले ‘जाणणे’ही त्याचे दूरचे भावंड. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘ग’ नव्हता. लॅटिनशी नाते दिसावे म्हणून तो मागाहून घातला गेला. वकिलांच्या तोंडी ‘कॉनिझन्स’ बराच काळ टिकला. सरदाराच्या माणसांनी अंगावर लावायच्या खुणेलाही हेच नाव होते. कायद्यात मात्र जाणिवेचा अधिकार झाला: खटला ऐकण्याचा अधिकार.

आपल्याकडे घोळ होतो तो ‘कॉग्निझेबल’ या विशेषणापाशी. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि पुढे १९७३ च्या संहितेतही त्याची व्याख्या पोलिसांच्या अधिकारावर बेतलेली होती, आजही तशीच आहे. ज्या गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटक करता येते तो कॉग्निझेबल. हिंदीने त्यासाठी ‘संज्ञेय’ घेतला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो चोख. मराठीने ‘दखलपात्र’ पत्करला. ‘दखल’ मूळचा अरबी, अर्थ प्रवेश. हिंदीत ‘दखल देना’ म्हणजे आजही मध्ये पडणे. मराठीत ‘दखल घेणे’ म्हणजे लक्ष देणे. पोलिसांनी आपण होऊन हात घालण्याजोगा गुन्हा, या अर्थाने ‘दखलपात्र’ खरे तर ‘संज्ञेय’पेक्षा नेमका आहे. पण मराठी माणूस त्यात प्रवेश वाचत नाही, लक्ष देणे वाचतो. शेजाऱ्याने मारले म्हणून चौकीत गेलेल्याच्या हाती ११५(२), ३५२, ३५१ (२०२४ पूर्वी ३२३, ५०४, ५०६) अशी कलमे लिहिलेली एनसी, म्हणजे ‘नॉन-कॉग्निझेबल’ गुन्ह्याची नोंद, पडते. ‘अदखलपात्र’ वाचून तो समजतो, आपली तक्रार लक्ष देण्याच्या लायकीचीच नाही. भाषांतराने केलेले हे नुकसान लहान नाही.

त्यात ‘दखल’ दोन आहेत. पोलिसांची वेगळी, दंडाधिकाऱ्याची वेगळी. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करू शकत नाहीत, पण त्याच गुन्ह्याची दखल दंडाधिकारी खुशाल घेऊ शकतो. ‘अदखलपात्र गुन्ह्याची दखल’ हे वाक्य त्यामुळे कायद्याने बिनचूक आणि मराठीत हास्यास्पद आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या एका निकालाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच एफआयआर नोंदवणे बंधनकारक ठरवले. प्राथमिक चौकशीला मोजक्याच प्रकरणांत जागा ठेवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने (१९७३ च्या संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ही जागा रुंदावली. तीन वर्षे ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत अशी चौकशी करता येते. एनसीच्या नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्याकडे पाठवण्याची तरतूदही तिच्यात आली. आणि खासगी तक्रारीवर दंडाधिकाऱ्याने दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणजे सगळे ऐकून झाले, तरी कायद्याच्या भाषेत ‘कॉग्निझन्स’ अजून व्हायचाच असतो.