भूतानचे परराष्ट्र संबंध

भूतान हा पूर्व हिमालयातील भूवेष्टित देश आहे. त्याचे क्षेत्रफळ 38,394 चौ. किमी. असून लोकसंख्या आठ लाखांहून कमी आहे. उत्तरेस चीनच्या ताब्यातील तिबेट आणि उरलेल्या तिन्ही बाजूंस सिक्कीम, पश्चिम बंगाल, आसाम व अरुणाचल प्रदेश ही भारतीय राज्ये असल्याने या देशाला शेजारी म्हणून दोनच राष्ट्रे लाभली आहेत आणि ती दोन्ही त्याच्या कित्येक पट मोठी आहेत. भूतानचे राजनैतिक संबंध पन्नासहून थोड्या अधिक देशांशी आहेत. मात्र सुरक्षा परिषदेच्या पाच स्थायी सदस्यांपैकी एकाशीही त्याने ते जोडलेले नाहीत. राजधानी थिंफूमध्ये भारत, बांगलादेश आणि कुवेत यांच्याखेरीज अन्य देशांचे निवासी दूतावास नाहीत. बड्या सत्तांना दारात न येऊ देण्याचे हे धोरण दारिद्र्यामुळे किंवा अनास्थेमुळे आलेले नसून ते जाणीवपूर्वक आखलेले आहे.

ब्रिटिशांशी झालेल्या दुआरच्या युद्धानंतर 1865 मध्ये झालेल्या सिंचुलाच्या तहाने भूतानने बंगाल व आसामच्या पायथ्याचा सुपीक दुआर प्रदेश गमावला आणि त्याच्या बदल्यात ब्रिटिशांकडून वार्षिक तनखा स्वीकारला. ब्रिटिशांच्या 1904 मधील ल्हासा मोहिमेत मध्यस्थी करणारे उग्येन वांगचुक 1907 मध्ये भूतानचे पहिले वंशपरंपरागत राजे झाले. 1910 च्या पुनाखा तहाने हा तनखा 50,000 रुपयांवरून एक लाखावर गेला. ब्रिटिशांनी अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचे मान्य केले आणि भूतानने परराष्ट्र व्यवहारात त्यांच्या सल्ल्याने चालण्याचे कबूल केले. स्वतंत्र भारताने 8 ऑगस्ट 1949 रोजी दार्जिलिंग येथे केलेल्या करारातही हेच सूत्र दुसऱ्या कलमात जवळजवळ जसेच्या तसे राहिले. वार्षिक रक्कम पाच लाख रुपये झाली आणि देवनगिरी परिसरातील 32 चौ. मैलांचा प्रदेश भूतानला परत मिळाला. पुढची जवळपास साठ वर्षे भूतानी मुत्सद्देगिरी ‘मार्गदर्शन’ या एका शब्दाभोवती फिरत राहिली. भारताचा सल्ला घेणे बंधनकारक असले, तरी तो पाळणे बंधनकारक नाही, असा भूतानचा अर्थ होता.

पंडित नेहरू सप्टेंबर 1958 मध्ये इंदिरा गांधींसह पारोला गेले, तेव्हा भूतानमध्ये मोटार जाईल असा रस्ता नव्हता. सिक्कीममधून नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवर आणि याकांवर बसून भारताचे पंतप्रधान आपल्याच शेजारी पोहोचले. भूतान स्वतंत्र राहावे अशीच भारताची इच्छा आहे, असे त्यांनी पारोच्या भाषणात स्पष्ट केले. पुढच्याच वर्षी तिबेटमधील उठाव चिरडला गेला. भूतानने उत्तरेकडील सीमा बंद केली आणि शतकानुशतके तिबेटशी चाललेला व्यापार थांबला. 1961 मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. तिचा खर्च भारताने उचलला आणि सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने भारताच्या सीमेवरील फुन्शोलिंग ते थिंफू रस्ता बांधला. दिवसचे दिवस पायपीट करून गाठावे लागणारे थिंफू काही तासांवर आले. त्यासोबत देशाची पाठही कायमची तिबेटकडे आणि तोंड दक्षिणेकडे वळले.

तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांनी सार्वभौमत्वाचा दावा गाजावाजा न करता, एकेक सदस्यत्व मिळवत पुढे नेला. 1962 मध्ये कोलंबो योजना, 1969 मध्ये जागतिक टपाल संघ आणि 21 सप्टेंबर 1971 रोजी भारताच्या पाठिंब्याने संयुक्त राष्ट्रे, असा हा क्रम आहे. त्याच वर्षी 6 डिसेंबरला भूतानने बांगलादेशाला मान्यता दिली आणि ती भारताच्याही काही तास आधी दिली. तो मान ढाक्यात आजही विसरलेला नाही. 2020 मध्ये बांगलादेशाने आपला पहिला प्राधान्य व्यापार करार भूतानशीच केला आणि त्यासाठी 6 डिसेंबर हाच दिवस निवडला. टपाल तिकिटांचाही येथे उल्लेख करायला हवा. ग्रामोफोनवर वाजणारी, पोलादी पत्र्यावर छापलेली, त्रिमितीय अशी तिकिटे काढून भूतानने जगभरच्या संग्राहकांकडून परकी चलन मिळवले आणि दूतावास नसलेल्या देशांतही आपले नाव पोहोचवले.

चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या काळात भारताहून वेगळी मते उघडपणे दिसू लागली. 1979 च्या हवाना येथील अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत कंबोडियाच्या प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर भूतान भारतापेक्षा वेगळ्या बाजूला उभा राहिला. परतीच्या वाटेवर मुंबईच्या विमानतळावर पत्रकारांशी बोलताना राजांनी 1949 चा करार काळानुरूप करण्याची गरज सूचित केली. देशाची प्रगती केवळ उत्पन्नाने न मोजता लोकांच्या समाधानाने मोजावी, या अर्थाचा आणि पुढे भूतानची ओळख ठरलेला ‘सकल राष्ट्रीय आनंद’ हा शब्दप्रयोगही त्यांनी याच भेटीत वापरला. 1985 मध्ये भूतानने अण्वस्त्रप्रसारबंदी करार स्वीकारला. भारताने मात्र तो आजवर स्वीकारलेला नाही. 1949 च्या करारातील मार्गदर्शनाची अट जायला 8 फेब्रुवारी 2007 उजाडला. नव्या करारात मार्गदर्शनाच्या जागी परस्पर सहकार्य आले आणि आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू न देण्याची हमी दोघांनी दिली. ही हमी भूतानने डिसेंबर 2003 मध्ये आधीच कृतीत उतरवली होती. दक्षिणेच्या जंगलांत तळ ठोकून बसलेल्या, भारताविरुद्ध लढणाऱ्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी बंडखोर संघटनांवर त्याच्या छोट्या सैन्याने स्वतः कारवाई केली होती.

भारताशी असलेले आर्थिक नाते पाण्यावर उभे आहे. 336 मेगावॅटचा चुखा जलविद्युत प्रकल्प भारताने 60 टक्के अनुदान व 40 टक्के कर्ज देऊन उभारला. नंतरच्या मांगदेछू प्रकल्पाच्या वेळी हे प्रमाण 30 व 70 टक्के झाले. कर्जाचा हा वाढता बोजा थिंफूमध्ये वारंवार चर्चिला जातो. मुंबईच्या टाटा पॉवरसारख्या खासगी कंपन्याही आता दागाछू व नंतरच्या प्रकल्पांत भागीदार आहेत. न्गुल्ट्रम हे चलन रुपयाशी एकास एक बांधलेले आहे. फुन्शोलिंगच्या दुकानात शंभराची भारतीय नोट दिली की सुटे न्गुल्ट्रममध्ये परत येतात आणि सीमेवरच्या कमानीपलीकडील भारतातल्या जयगावातही ते खपतात. या जवळिकीची दुसरी बाजू 2013 मध्ये दिसली. आदल्या वर्षी पंतप्रधान जिग्मे थिनले चीनच्या पंतप्रधानांना रिओत भेटले होते. निवडणुकीच्या तोंडावर भारताने रॉकेल व स्वयंपाकाच्या गॅसवरील सवलत थांबवली. कारण तांत्रिक असल्याचे सांगण्यात आले, पण भूतानी मतदारांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला आणि थिनले यांचा पक्ष हरला.

चीनशी सीमेविषयीची बोलणी 1984 पासून चालू आहेत. उत्तरेकडील जाकारलुंग व पासामलुंग खोऱ्यांवरचा दावा सोडून पश्चिमेचा डोकलाम परिसर घ्यायचा, असा देवघेवीचा प्रस्ताव चीनने 1990 च्या दशकात मांडला. डोकलामवरून भारताला ईशान्येकडील राज्यांशी जोडणारा सिलिगुडीचा अरुंद पट्टा नजरेच्या टप्प्यात येतो, म्हणून ही देवघेव भारताला मानवणारी नाही. जून ते ऑगस्ट 2017 मध्ये तेथे भारतीय व चिनी सैनिक 73 दिवस समोरासमोर उभे होते. भूतानने चीनकडे निषेध नोंदवला आणि त्यानंतर जवळपास मौन पाळले. 2020 मध्ये चीनने पूर्वेकडील साकतेंग अभयारण्यावरही हक्क सांगितला. त्या भागाचा चर्चेत त्याआधी उल्लेखही नव्हता. 2021 मध्ये तीन टप्प्यांच्या आराखड्यावर सह्या झाल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये भूतानचे परराष्ट्रमंत्री प्रथमच बीजिंगला गेले. सीमारेषा मात्र अद्याप आखलेली नाही.

आनंदाचा पुरस्कार करणाऱ्या या देशाची सर्वांत दुखरी बाजू नेपाळशी निगडित आहे. 1985 चा नागरिकत्व कायदा आणि 1988 ची जनगणना यांनंतर दक्षिणेतील नेपाळीभाषक ल्होत्साम्पा समाजाचे एक लाखाहून अधिक लोक देशाबाहेर लोटले गेले आणि पूर्व नेपाळमधील छावण्यांत राहिले. दोन्ही सरकारांच्या बोलण्यांच्या अनेक फेऱ्या निष्फळ ठरल्या. 2007 नंतर त्यांपैकी बहुसंख्यांचे पुनर्वसन तिसऱ्या देशांत, मुख्यतः अमेरिकेत झाले. संयुक्त राष्ट्रांनी 20 मार्च हा आंतरराष्ट्रीय आनंद दिन ठरवला, तेव्हाही या छावण्या रिकाम्या झालेल्या नव्हत्या.

जपान, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, डेन्मार्क अशा दूरच्या आणि हेतूंविषयी शंका येणार नाही अशा देशांशी भूतानने मदतीचे नाते जोडले. जपानी कृषितज्ज्ञ केइजी निशिओका 1964 पासून 1992 मध्ये निधन होईपर्यंत तेथे राबले आणि ‘दाशो’ हा किताब मिळवणारे परदेशी ठरले. सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागेसाठी मात्र 2012 मध्ये भूतानला अवघी 20 मते मिळाली.

जानेवारी 2021 मध्ये पुण्यात बनलेल्या कोव्हिशील्डच्या दीड लाख मात्रा मुंबईहून विमानाने पारोला पोहोचल्या. भारताच्या लसभेटीचा भूतान हा पहिला मानकरी होता. भारतात दुसरी लाट उसळून निर्यात थांबली, तेव्हा दुसऱ्या मात्रेसाठी भूतानने जगाकडे हात पसरले. डेन्मार्कने लस दिली, तशीच अमेरिकेनेही मॉडर्नाच्या पाच लाख मात्रा पाठवल्या. अमेरिकेचा थिंफूत दूतावास नाही. भूतानशी तिचा संपर्क चालतो तो नवी दिल्लीतील दूतावासामार्फत, आणि चीनचाही तसाच.