दातांचे उपचार : सरकारी रुग्णालय, दंत महाविद्यालय की खासगी दवाखाना?

दाढ ठणकू लागली की बहुतेक घरांत दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक तर जवळच्या खासगी दवाखान्यात जायचं, नाहीतर दाढ काढून मोकळं व्हायचं. रूट कॅनल आणि वरच्या कॅपचा खर्च ऐकल्यावर वाचण्यासारखी दाढसुद्धा लोक काढून टाकतात, याचं फार वाईट वाटतं. कारण या दोन्हींच्या मध्ये तिसरी वाट आहे, ती म्हणजे दंत महाविद्यालयांची रुग्णालयं. महाराष्ट्रात कुठे काय मिळतं, कोण पात्र आहे आणि कोणते कागद लागतात, ते इथे सांगतो.

जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालय

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, केस पेपरचेही पैसे नाहीत. आधार कार्ड जवळ असलं की नोंदणी लवकर होते. आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) काढलेला असेल, तर अनेक ठिकाणी मोबाइलवरून क्यूआर कोड स्कॅन करून रांग टाळता येते. मात्र ही मोफत सेवा महापालिकेच्या रुग्णालयांना आणि वैद्यकीय शिक्षण विभागाच्या महाविद्यालयांना लागू नाही. तिथे माफक का होईना, शुल्क असतं. हा फरक माहीत नसला की खिडकीवर उगाच वाद होतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दातांची खुर्ची नसते. त्यामुळे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं, आणि दंतशल्यचिकित्सक कोणत्या वारी बसतात हे आधी विचारून घ्यावं. दात काढणं, सूज आणि पू यांवरचे उपचार, साधं सिमेंट भरणं, दात साफ करणं ही कामं इथे होतात. रूट कॅनल सगळीकडे होतं असं नाही.

लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत तपासणीला येतं आणि दातांची कीडही पाहतं. पथकाने पुढे पाठवण्याची चिठ्ठी दिली, तर ती दप्तरात पडू देऊ नका. दुभंगलेले ओठ आणि टाळू यांच्या शस्त्रक्रियेची वाटही याच कार्यक्रमातून जाते.

दंत महाविद्यालयात काय करायचं

मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं ही प्रमुख ठिकाणं. गोव्यात बांबोळीला शासकीय दंत महाविद्यालय आहे. ज्या शहरांत सरकारी महाविद्यालय नाही, तिथे खासगी दंत महाविद्यालयाची ओपीडी पाहावी. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्ण लागतात, म्हणून तिथले दर बाहेरच्या दवाखान्यापेक्षा सहसा बरेच कमी असतात.

सकाळी नोंदणी खिडकी उघडताना पोहोचलेलं बरं. केस पेपर निघाला की आधी मुखरोग निदान विभागात पाठवतात. तिथे तोंड तपासून गरजेप्रमाणे एक्स-रे काढतात आणि पेपरवर पुढचा विभाग लिहून देतात. दात काढायचा असेल तर मुखशल्य विभाग, सिमेंट किंवा रूट कॅनलसाठी एक विभाग, हिरड्यांसाठी दुसरा, कवळी आणि कॅपसाठी तिसरा, मुलांसाठी वेगळा. पहिल्या दिवशी फक्त तपासणी आणि पुढची तारीख मिळाली, तर हिरमुसू नका. रूट कॅनलला आणि कवळीला अनेक फेऱ्या होतात. रोजंदारीवर जाणाऱ्याने बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं धरूनच हिशेब मांडावा.

‘शिकाऊ पोरं हात लावतात’ ही भीती खूप जणांना वाटते. उपचार विद्यार्थी करतात हे खरं, पण ते अध्यापकांच्या देखरेखीखाली. पदव्युत्तर विभागात काम करणारे तर आधीच बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) झालेले दंतवैद्य असतात. वेळ जास्त लागतो, पण अवघड अक्कलदाढ किंवा जबड्याचं दुखणं असेल, तर सगळे विभाग एका छताखाली असणं हा मोठा आधार आहे.

सोबत आधार कार्ड, शिधापत्रिका (दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना शासकीय ठिकाणी शुल्कात सवलत मिळते), जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी ठेवा. साखर, रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची अ‍ॅलर्जी यांतलं काहीही असेल, तर विचारण्याची वाट न बघता सांगा. दात काढायचा म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. कॅप आणि कवळीचं शुल्क किती, हे त्या विभागात आधीच विचारा.

योजना, कर्मचारी विमा आणि खासगी विमा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रूट कॅनल होईल, या आशेने लोक जातात आणि परत येतात. ही योजना मुळात भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. जबड्याचं फ्रॅक्चर, जबड्यातली गाठ, तोंडाचा कर्करोग अशा वेळी तिचा उपयोग होतो. संरक्षण प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपयांपर्यंत. शिधापत्रिका आणि फोटो ओळखपत्र घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे योजनेची मदत करायला नेमलेल्या माणसाला, भेटायचं. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात होणाऱ्या कामगारांना, त्यांच्या कुटुंबासह, ईएसआय दवाखान्यातून दातांचे उपचार घेता येतात. वर्षानुवर्षं कपात होते आणि हा हक्क मात्र वापरलाच जात नाही. ई-पहचान कार्ड, म्हणजे ईएसआयचं ओळखपत्र, काढून ठेवा. खासगी आरोग्य विम्यात नेहमीचे दातांचे उपचार सहसा वगळलेले असतात, अपघाताने झालेली इजा हा मुख्य अपवाद. पॉलिसीतलं वगळलेल्या बाबींचं पान वाचा.

खासगी दवाखाना निवडताना

वेळ पाळली जाते, संध्याकाळी जाता येतं, तेच डॉक्टर शेवटपर्यंत पाहतात, हे खासगीचे खरे फायदे. दात तुटला, तोंडावर सूज चढली आणि सरकारी ओपीडी बंद असेल, तर जवळचा खासगी डॉक्टर गाठणंच योग्य. तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर मात्र थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

डॉक्टरांची पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहा. दर विचारताना नुसतं ‘रूट कॅनल कितीला?’ असं विचारू नका. एक्स-रे, सगळ्या बैठका, आतलं सिमेंट आणि कॅप धरून किती, असं विचारा. रूट कॅनल झालेली दाढ ठिसूळ होते आणि कॅपशिवाय फुटू शकते, म्हणून कॅप वगळून सांगितलेला आकडा अर्धाच असतो. कॅप धातूची, सिरॅमिकची की झिर्कोनियाची, हेही लिहून घ्या. पावती आणि एक्स-रे मागून घेणं हा तुमचा हक्क आहे. खर्च झेपत नसेल तर तसं मोकळेपणी सांगून, तात्पुरता उपचार करून घ्या आणि एक्स-रेसह दंत महाविद्यालयात जा.

तंबाखू, मिसरी, गुटखा यांची सवय असेल आणि तोंडात दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर सरकारी की खासगी हा विचार बाजूला ठेवा. जिल्हा रुग्णालयात किंवा दंत महाविद्यालयात त्याच आठवड्यात दाखवा. तीस वर्षांवरच्यांची तोंडाची तपासणी आरोग्य केंद्रातही मोफत होते.

उपचारात हयगय झाली असं वाटलं, तर सरकारी ठिकाणी वैद्यकीय अधीक्षकांकडे किंवा महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. खासगी डॉक्टरबद्दल दंत परिषदेकडे तक्रार करता येते. पैसे देऊन घेतलेल्या उपचारासाठी ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, तिथे मुदत साधारण दोन वर्षांची असते.